मुद्देमाल सापडला, मग तपास कशाचा?

टेबलामागे ओळीने उभे राहिलेले पोलीस अधिकारी, टेबलावर मांडलेल्या पांढऱ्या भुकटीच्या पारदर्शक पिशव्या आणि त्याखाली 'इतक्या कोटींचे मेफेड्रोन जप्त, चौघे गजाआड' असा ठळक मथळा, हे छायाचित्र ज्याच्या नजरेखालून गेलेले नाही असा वर्तमानपत्राचा वाचक आज महाराष्ट्रात विरळाच. खुनाच्या प्रकरणात प्रेत सापडते, पण खुनी शोधावा लागतो. चोरीच्या प्रकरणात चोर सापडला तरी ऐवज कोठे दडवला ते धुंडाळावे लागते. येथे मात्र माणूस आणि माल एकाच वेळी, एकाच जागी, पंचांच्या डोळ्यांदेखत हाती लागलेले असतात. असे असता सहा-सहा महिने दोषारोपपत्र दाखल होत नाही, सरकारी अभियोक्ता न्यायालयाकडे आणखी मुदत मागतो आणि कित्येक वेळा वर्षाअखेरीस त्याच चौघांपैकी दोघे पुराव्याअभावी सुटतात, हे वाचून सुज्ञ माणूसही बुचकळ्यात पडतो. मग कोणी 'पैसे खाल्ले' म्हणून मोकळा होतो, तर कोणी 'कायदाच लेचापेचा' असा निकाल देतो. पैसे खाल्ले जातच नाहीत, असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. परंतु कायदा लेचापेचा असल्याची समजूत मात्र वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. विलंबाची बरीचशी बीजे या कायद्याच्या कठोरपणातच पेरलेली आहेत.

फिर्यादीवाचून गुन्हा

अमली पदार्थाच्या व्यवहारात देणारा राजी असतो आणि घेणाराही राजी असतो, त्यामुळे ठाण्यात येऊन 'माझ्यावर अन्याय झाला' असे सांगणारा कोणीच नसतो. फिर्यादी पोलीस, छापा घालणारा पोलीस आणि प्रमुख साक्षीदारही पोलीसच. एकाच अधिकाऱ्याने खबर नोंदवून तपासही केला, एवढ्याच कारणाने खटला रद्द होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली दिला आहे. तरीही त्याच्या शब्दाला आधार देणारे तिसऱ्या कोणाचे काही असावे, ही न्यायालयाची अपेक्षा कायमच राहते.

आता शिक्षेकडे पाहा. १९३० च्या 'डेंजरस ड्रग्ज' कायद्यात पहिल्या अपराधाला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद होती. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच ज्याला पोलीस आणि वकील 'एनडीपीएस' म्हणतात तो कायदा, १९८५ च्या नोव्हेंबरात अंमलात आला आणि मोठ्या प्रमाणातील मालासाठी किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आली. शिवाय माल ताब्यात सापडला हे सरकार पक्षाने शाबीत केले, की त्याची आपल्याला जाणीव नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. आणि मोठ्या प्रमाणाच्या प्रकरणात जामिनासाठी, आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटावी लागते. फौजदारी न्यायाचा सामान्य रिवाज असा बराचसा उलटा फिरवला असल्यामुळे, शिक्षा जितकी भारी तितकी कार्यपद्धतीची शिस्त कडक, हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने बलदेवसिंग खटल्यात १९९९ साली स्पष्टपणे मांडले. तपास अधिकाऱ्याचा निम्मा वेळ या शिस्तीचे कागद सांभाळण्यात जातो.

छाप्याआधीची लेखणी

खबऱ्याने रात्री दूरध्वनीवरून सांगितले की अमुक इमारतीतील तमुक खोलीत माल उतरला आहे. सामान्य माणसाला वाटते, गाडी काढावी आणि धडक द्यावी. अधिनियमाचे ४२ वे कलम म्हणते, आधी लेखणी काढा. मिळालेली गोपनीय बातमी शब्दांत नोंदवायची, तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे पोहोचवायची, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या काळात वॉरंटाविना बंदिस्त जागेत शिरायचे झाल्यास, वॉरंट मिळवीपर्यंत थांबलो तर आरोपी वा माल निसटेल असे का वाटले, ते कारणही लिहून ठेवायचे. ही नोंद मुळीच नसली तर मागाहून केलेली कोणतीही सारवासारव चालत नाही. उशिरा झाली असेल तर उशिराचा समाधानकारक खुलासा मात्र ग्राह्य धरला जातो.

त्यापुढे अंगझडती. ५० व्या कलमाप्रमाणे, 'तुमची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जाण्याचा तुम्हांला हक्क आहे' हे त्या इसमाला समजावून सांगावे लागते. हे कलम किती काटेकोरपणे वाचले जाते याचा नमुना म्हणजे २०१४ सालचा परमानंद खटला. दोघा आरोपींना पोलिसांनी मिळून एकच सामायिक सूचनापत्र दिले, त्यावर एकाने दोघांच्या वतीने सही केली, आणि 'हवे तर आमच्याच पथकातील अधिकाऱ्यासमोर झडती द्या' असा कायद्यात नसलेला तिसरा पर्यायही त्यांच्यापुढे ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने ती झडती दूषित ठरवली. हक्क ज्याचा त्याचा वेगळा असतो, तो गठ्ठ्याने सांगता येत नाही. माल अंगावर नसून हातातील पिशवीत असेल तर हे कलम लागू होत नाही, असेही निर्णय आहेत. त्यामुळे पुडी खिशात होती की थैलीत, या वरवर क्षुल्लक मुद्द्यावर पंचनाम्याचे पानभर लिखाण खर्ची पडते.

राहता राहिले पंच. आपल्याकडे ठाण्याच्या आसपासच्या टपरीवर बसणारे 'नेहमीचे पंच' ही एक स्वतंत्र जमातच आहे. पाचपंचवीस पंचनाम्यांवर सही केलेला पंच उलटतपासात उघडा पडतो, आणि ज्याला काही देणेघेणे नाही असा प्रतिष्ठित गृहस्थ मध्यरात्री पंच म्हणून यायला तयार नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे, त्याने या जुन्या दुखण्यावर काही उतारा पडावा.

पिशवीचा प्रवास

जप्तीपासून न्यायासनापर्यंत मालाचा जो प्रवास होतो, त्यात तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बदलला नाही, घटला नाही आणि वाढला नाही, हे प्रत्येक टप्प्यावर दाखवावे लागते. एखाद्या देवस्थानात जत्रेसाठी देवाचे दागिने तिजोरीतून बाहेर काढतात तेव्हा पंच बसतात, दागिनान् दागिना तोलून यादी होते, यादीवर सह्या पडतात आणि जत्रा उरकली की त्याच यादीबरहुकूम रुजवात घालून मग कुलूप लागते. पुढे कधी एखादा हार पितळेचा निघाला तर मधल्या काळात किल्ली कोणाकडे होती, हाच पहिला प्रश्न विचारला जातो. मुद्देमालाची किल्ली घटनास्थळावरून ठाण्याच्या अंमलदाराकडे, तेथून मुद्देमाल कारकुनाकडे, मग दंडाधिकाऱ्यासमोर, पुढे नमुना घेऊन जाणाऱ्या शिपायाकडे आणि शेवटी प्रयोगशाळेच्या आवक खिडकीपाशी जाते, आणि या साखळीतील प्रत्येकाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून आपापला दुवा सांगावा लागतो. लाखेवरची मोहोर अस्पष्ट, लेबलावर एका पंचाची सही नाही, ठाण्याच्या नोंदवहीत वेळ खाडाखोड केलेली, यांपैकी एकेका गोष्टीवर खटले कोसळलेले आहेत.

पूर्वी नमुने घटनास्थळीच काढण्याचा प्रघात होता. १९८९ साली दाखल झालेल्या ५२-अ कलमाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल प्रकरणात २०१६ साली सांगितले की नमुने दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष व देखरेखीखाली काढले जावेत; डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सविस्तर नियमही केले. आता यादी करायची, छायाचित्रे घ्यायची, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, त्यांची तारीख मिळवायची, त्या दिवशी सगळा माल बंदोबस्तात न्यायालयात न्यायचा, आणि त्यांच्यासमोर प्रत्येक गठ्ठ्यातून दुहेरी नमुने काढायचे. बहुतेक पदार्थांसाठी नमुना ५ ग्रॅमचा, तर अफू, गांजा व चरस यांसाठी २४ ग्रॅमचा. दंडाधिकाऱ्यांच्या तक्त्यावर त्या दिवशी इतर कामे असतातच. कज्जा फक्त पोलिसांचाच नसतो.

उरलेला माल सांभाळण्याची कथा निराळीच. मथुरेच्या पोलिसांनी २०२२ साली न्यायालयाला सांगितले की गोदामातील पाचशे किलोंहून अधिक गांजा उंदरांनी फस्त केला. उंदरांची कैफियत अर्थातच कोणी नोंदवून घेतली नाही.

चौकट : वजनावर ठरणारे भवितव्य

पदार्थ / 'अल्प' प्रमाणाची मर्यादा / 'व्यापारी' प्रमाणाचा आकडा
गांजा / १ किलो / २० किलो
चरस / १०० ग्रॅम / १ किलो
हेरॉइन / ५ ग्रॅम / २५० ग्रॅम
कोकेन / २ ग्रॅम / १०० ग्रॅम
मेफेड्रोन (एमडी) / २ ग्रॅम / ५० ग्रॅम

अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अल्प आणि व्यापारी यांच्या मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे.

काट्यावरचे कोडे

चौकटीतले आकडे पाहिले म्हणजे वजनकाट्याला एवढे महत्त्व का, ते लक्षात येईल. समजा, छाप्याच्या रात्री पथकाने प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ५२ ग्रॅम मेफेड्रोन लिहिले आणि दंडाधिकाऱ्यांसमोर पिशवीवेगळे ते ४९ ग्रॅम भरले. तेवढ्यावर किमान दहा वर्षांची सक्ती नाहीशी होते, जामिनाची दारे किलकिली होतात, आणि बचावाच्या वकिलाला विचारता येते की तीन ग्रॅम पिशवीचे की पोलिसांच्या चुकीचे.

गांजाच्या बाबतीत याहून गंमत आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे वा फळे धरलेले शेंडे. त्यांच्यासोबत नसलेली बी आणि पाने त्यातून वगळली आहेत, आणि म्हणूनच पानांपासून केलेली भांग या कायद्याच्या कचाट्यात सापडत नाही. तुरीच्या आडोशाला लावलेली झाडे मुळासकट उपटून, देठ, पाने आणि चिकटलेल्या मातीसह काट्यावर चढवली तर भरणारे वजन हे गांजाचे वजन नव्हेच. आणि ओला फुलोरा सुकल्यावर हलका होतो तो वेगळाच.

भेसळीचा प्रश्नही पुष्कळ वर्षे लोंबकळत होता. हेरॉइनच्या पुडीत साखर किंवा पॅरासिटामॉल मिसळले असेल तर वजन शुद्ध द्रव्याचे धरायचे की सबंध मिश्रणाचे? २००८ सालच्या एका निर्णयाने शुद्ध द्रव्याचे धरा असे सांगितले होते. एप्रिल २०२० मध्ये हिरासिंग खटल्यात तो फिरवून सबंध मिश्रणाचे वजन ग्राह्य ठरले. हा सिद्धांत कोठवर ताणावा, असा प्रश्न २०२२ साली न्हावा-शेवा बंदरात उभा राहिला. तेथील एका कंटेनरमध्ये वीस टनांहून अधिक ज्येष्ठमधाच्या मुळ्या होत्या आणि त्यांवर हेरॉइनचा लेप चढवलेला होता. दिल्ली पोलिसांच्या विशेष कक्षाने त्यातील हेरॉइन सुमारे साडेतीनशे किलो असल्याचे सांगितले. अशा मालाचा प्रातिनिधिक नमुना कोणत्या मुळीचा घ्यायचा, याचे उत्तर पिशव्यांसाठी लिहिलेल्या नियमांत सहजासहजी सापडत नाही.

प्रयोगशाळेच्या दारी

छाप्याच्या वेळी पथकाजवळ तपासणी संच असतो. त्यातील रसायनाचा थेंब भुकटीवर टाकला की रंग उमटतो: मार्क्विस नावाच्या द्रावाने हेरॉइन जांभळे होते, कोबाल्टच्या द्रावाने कोकेन निळे होते. परंतु तोच निळा रंग दातांच्या डॉक्टरांकडील बधिर करणाऱ्या लिडोकेनसारख्या निरुपद्रवी औषधालाही येऊ शकतो. म्हणून या परीक्षेला कायदा केवळ संशयाचा दर्जा देतो, आणि टेबलावरची ती भुकटी अहवाल येईपर्यंत 'अमली असल्याचा संशय असलेला पांढरा पदार्थ' एवढीच राहते.

निश्चित निदान न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. तेथील एक यंत्र भुकटीची वाफ करून ती लांबच लांब, केसासारख्या बारीक नळीतून सोडते. मिश्रणातील प्रत्येक घटक आपापल्या गतीने चालत असल्यामुळे नळीच्या दुसऱ्या टोकाशी ते वेगवेगळ्या क्षणी बाहेर पडतात. तेथे बसवलेले दुसरे यंत्र इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने त्या रेणूंचे तुकडे करून तुकड्यांची वस्तुमाने मोजते. कोणत्या रेणूचे कोणते तुकडे पडतात हे ठरलेले असल्यामुळे त्या तुकड्यांवरून मूळ रेणू ओळखता येतो.

बहुधा ओळखता येतो, असे म्हटले पाहिजे. मेफेड्रोनच्या रेणूत कार्बनाच्या षट्कोनी कड्याच्या चौथ्या जागी मिथिल नावाचा छोटा गट बसलेला असतो. तोच गट दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी असलेली भावंडे बाजारात आहेत, आणि त्यांचे तुकडे जवळजवळ सारखेच पडतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये मेफेड्रोन अनुसूचीत दाखल झाले ते त्याच्या रासायनिक नावाने. तेव्हा 'मेफेड्रोनच' असा दाखला देण्यासाठी विश्लेषकाला शुद्ध प्रमाण-नमुना शेजारी ठेवून तुलना करावी लागते आणि कधी आणखी एखादी परीक्षा जोडावी लागते.

ही झाली शास्त्राची सावकाशी, आणि तिच्याबद्दल तक्रार करणे अयोग्य. तक्रारीला जागा आहे ती रांगेबद्दल. मुंबईत कालिन्यास असलेली मुख्य प्रयोगशाळा आणि नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती इत्यादी ठिकाणच्या प्रादेशिक प्रयोगशाळा यांच्याकडे केवळ अमली पदार्थच जात नाहीत. विषबाधेचा व्हिसेरा, मद्यपी वाहनचालकांच्या रक्ताचे नमुने, बलात्काराच्या प्रकरणांतील डीएनए, आणि आता प्रत्येक गुन्ह्यातले मोबाइल संच, हे सारे त्याच दारी येऊन थडकते. २०२२ च्या नियमांनी अहवालाला १५ दिवसांची मुदत घातली आहे. मुदत घालणे हुकमाने होते. विश्लेषकांच्या रिकाम्या जागा हुकमाने भरत नाहीत.

हमालाकडून मालकाकडे

इथवरचा तपास माणसाच्या हातातील मालाचा झाला. परंतु जो हाती लागतो तो या व्यापारातला हमाल असतो. त्याला माल कोणी दिला, त्या देणाऱ्याला कोणी पुरवला आणि पैसा कोणाचा, हे वरवर चढत जाणारे जिने तपासी अंमलदाराला एकेक करून चढावे लागतात. पूर्वी या चढणीची सोपी वाट होती: ६७ व्या कलमाखाली आरोपीचा जबाब घ्यायचा आणि त्याने नाव घेतलेल्यांना धरून आणायचे. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, असा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असे बहुमताने ठरवले आणि ती वाट बुजली. मला हा निर्णय योग्य वाटतो. चोपून घेतलेल्या नावांपेक्षा उशिरा मिळालेला दस्तऐवज बरा. मात्र उशीर होतो, हे मान्य करावयास हवे.

कारण आता प्रत्येक पायरीला स्वतंत्र पुरावा लागतो. दूरध्वनी कंपनीकडून संभाषणांचा तपशील, ज्याला पोलीस 'सीडीआर' म्हणतात, तो मागवायचा. त्यावरून कोणता क्रमांक कोणत्या मनोऱ्याच्या टापूत केव्हा होता हे जुळवायचे. मोबाइलमधले संदेश काढून त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडायचे. बँकांकडून खाती मागवायची. व्यवहार हवालामार्फत झाला असेल तर कागद नसतातच, आणि दूत परदेशी असेल तर परस्पर साहाय्याच्या तहान्वये केलेली विनंती मंत्रालयांच्या दफ्तरांतून फिरत राहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पुण्यात पकडलेल्या अल्पशा मेफेड्रोनवरून सुरुवात केली आणि धागा दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापर्यंत, तेथून दिल्लीपर्यंत आणि सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत गेला. एकूण जप्ती दीड हजार किलोंच्या वर गेली. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये साकीनाका पोलिसांचा तपास मुंबईच्या गल्लीतून नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखान्यावर जाऊन पोहोचला होता. धागा असा ओढण्यासाठी पहिल्या आरोपीवर घाईने दोषारोपपत्र न ठेवता थांबावे लागते. कारखाना सापडल्यावरही कोडे संपत नाही, कारण तेथे लागणारी पुष्कळशी रसायने औषधे आणि रंग बनवणाऱ्या कारखान्यांतही राजरोस वापरली जातात. पिंप कोणत्या हेतूने विकत घेतले हे पावत्या व साठ्याची नोंदवही ताडून ठरवावे लागते. ठाणे पोलिसांनी एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरच्या एका औषध कारखान्यातून एफेड्रिनचा टनावारी साठा जप्त केला, त्या प्रकरणात साठ्याबद्दल वाद नव्हता; तो वळवण्याच्या कटात कोण कोण होते, याचा वाद चालला, आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका आरोपीविरुद्धचा गुन्हा पुराव्याअभावी रद्द केला.

एकशे ऐंशी दिवस

सर्वसाधारण गुन्ह्यात आरोपी कोठडीत असता ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर त्याला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात ३६-अ कलमाने ही मुदत १८० दिवसांची केली आहे, आणि सरकारी अभियोक्त्याने तपासाची प्रगती व आरोपीला अडकवून ठेवण्याची विशिष्ट कारणे सांगणारा अहवाल दिला तर न्यायालय ती एक वर्षापर्यंत वाढवू शकते. वाचकाला दिसणारे सहा महिने ते हेच. तपासी अंमलदाराच्या अर्जावर अभियोक्त्याने नुसती मम म्हणणे पुरत नाही, त्याने स्वतः विचार केल्याचे अहवालात दिसावे लागते. आणि मुदत वाढवताना आरोपीला हजर ठेवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली जिगर खटल्यात बजावले. 'तपास चालू आहे' हे विशिष्ट कारण नव्हे. तरीही प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही एवढ्याच सबबीवर मुदत मागणारे अर्ज येत राहतात. सरकारच्याच एका खात्याची दिरंगाई दुसऱ्या खात्याने आरोपीच्या कोठडीतून वसूल करण्याचा हा प्रकार मला तरी समर्थनीय वाटत नाही.

वाढीव मुदतीत काय घडू शकते, ते मुंबईच्या क्रूझ जहाजावरील प्रकरणात दिसले. अमली पदार्थ नियंत्रण विभागाने २ ऑक्टोबर २०२१ रोजी कारवाई केली. १८० दिवस भरत आले तेव्हा विशेष न्यायालयाने मागितलेल्या ९० दिवसांऐवजी ६० दिवस वाढवून दिले. दरम्यान तपास मूळ पथकाकडून काढून दिल्लीच्या विशेष पथकाकडे सोपवण्यात आला होता. २७ मे २०२२ रोजी दोषारोपपत्र दाखल झाले ते वीसपैकी १४ जणांविरुद्ध. उरलेल्या सहा जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नाही, असे त्याच विभागाने लिहून दिले.